आधीच्या भाडेकरूच्या नावाने समन्स, नोटिसा, बँकेची पाकिटं येत असतील तर काय करायचं

भाड्याच्या घरात सामान लावून होत नाही तोच दाराची बेल वाजते. पोस्टमनच्या हातात पाकीट असतं. पत्ता अगदी बरोबर आपला, नाव मात्र भलत्याच कुणाचं. जाहिरातीचं पत्रक असेल तर कुणी मनावर घेत नाही. पण पाकिटावर न्यायालयाचा शिक्का असेल, बँकेच्या वसुली विभागाचं किंवा जीएसटी कार्यालयाचं नाव असेल, तर पोटात गोळा येतोच.

अशा वेळी बहुतेक लोक दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर सही करून पाकीट ठेवून घेतात, 'आला कधी तर देऊ' म्हणून, आणि ते कपाटावर धूळ खात पडतं. नाहीतर "आमचं नाही, नको आम्हाला" म्हणून दार लावून घेतात. या दोन्ही गोष्टींनी नुकसान होऊ शकतं. पहिल्यात आपलंही आणि त्या माणसाचंही, दुसरीत मुख्यतः त्या माणसाचं. कारण टपाल परत जाताना त्यावर कोणता शेरा पडतो, यावर पुढचं बरंच काही ठरतं. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा त्या शेऱ्याला दिली आहे. बाकीचं त्याच्या आजूबाजूला येईल.

आधी मनातली भीती काढून टाका

कर्ज, दंड, खटला हे माणसाच्या नावावर असतात, घराच्या पत्त्यावर नाही. आधीच्या भाडेकरूने वैयक्तिक कर्ज बुडवलं म्हणून बँक तुमच्याकडून एक रुपया मागू शकत नाही. त्याच्या थकबाकीने तुमची क्रेडिट नोंदही बिघडत नाही, कारण ती नोंद पॅन, नाव, जन्मतारीख अशा वैयक्तिक ओळखीवरून जुळवली जाते. मनात शंका असेल तर सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हायमार्क या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा आपला संपूर्ण अहवाल मोफत मिळतो. तो मागवा आणि आपण न घेतलेलं कर्ज त्यात दिसतं का ते बघा. नाव-आडनाव मिळतंजुळतं असेल तर हे जरूर करा.

या सगळ्यात तुमचा सगळ्यात भक्कम कागद म्हणजे नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्स करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. तुम्ही या घरात कोणत्या तारखेपासून राहता हे तो करार एका पानात सांगतो. त्याच्या पहिल्या पानाची एक झेरॉक्स वेगळी काढा, त्यावर आधार क्रमांक आणि भाड्याची रक्कम काळ्या पेनने झाका, आणि दाराजवळच्या खणात ठेवा. पुढे दोन-तीन ठिकाणी तिचा उपयोग होणार आहे.

पाकीट हातात घेण्याआधी: हे परत करायचं टपाल आहे का?

आपलं नाव नाही म्हणून प्रत्येक पाकीट परत पाठवायचं नसतं. काही टपाल माणसाचं नसून जागेचं असतं. विजेचं बिल, पाणीपट्टी, मालमत्ता कर, गॅसची जोडणी, सोसायटीची मेंटेनन्सची पत्रं ही कित्येकदा जुन्या मालकाच्या, कधी कधी हयात नसलेल्या माणसाच्या नावानेच येत राहतात. ती घ्या आणि लगेच घरमालकाला पाठवा. विजेच्या बाबतीत तर जास्तच जागरूक राहा. जुन्या ग्राहकाची थकबाकी भरल्याशिवाय त्याच जागेला पुन्हा वीजजोडणी न देण्याची अट वीज कंपन्यांच्या नियमांत असू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये के. सी. निनन खटल्यात मान्य केलं आहे. म्हणजे वीजबिलापुरतं 'ते माझं नाही' हे वाक्य नेहमीच चालेल असं नाही.

दुसरं, घरमालकाच्या नावाने आलेली बँकेची नोटीस. घर गहाण असेल आणि मालकाने हप्ते थकवले असतील, तर सरफेसी कायदा २००२ खाली बँक आधी ६० दिवसांची नोटीस देते आणि त्यानंतर ताबा घेण्याची कारवाई करू शकते. ताब्याची नोटीस घराच्या दर्शनी भागावर चिकटवतात. अशी नोटीस भिंतीवर दिसली तर ती आधीच्या कुणाची तरी म्हणून दुर्लक्ष करू नका. ती तुमच्या राहत्या छपराबद्दल आहे. त्याच दिवशी मालकाशी बोला आणि करार घेऊन वकिलाला भेटा.

ही दोन प्रकारची टपालं बाजूला काढली की उरतं ते खरोखर आधीच्या भाडेकरूचं.

पोस्टमनशी काय बोलायचं

संवाद साधारण असा व्हायला हवा:

"अमुक राहतात का इथे?"

"नाही काका, ते घर सोडून गेले. आता आम्ही राहतो."

"मग परत पाठवू ना?"

"हो, परत पाठवा. पण 'घर सोडून गेले' असा शेरा मारा. 'घेण्यास नकार' असं नका लिहू."

शेवटचं वाक्य आवर्जून बोलायचं. पोस्टमनच्या डोक्यावर त्या दिवशीचं भरपूर वाटप असतं. दारातल्या माणसाने नुसतं "नको" म्हटलं तर पाकिटाच्या मागे घाईघाईत 'रिफ्यूज्ड' लिहिलं जाऊ शकतं. तुमच्या दृष्टीने काहीच बिघडलं नाही, पाकीट गेलं. पण कायद्याच्या नजरेत त्या एका शब्दाचा अर्थ असा निघतो की पत्ता बरोबर होता, टपाल पोचलं आणि पत्तेदाराने ते जाणूनबुजून घेतलं नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५, नियम ९ मध्ये तर प्रतिवादीने समन्स घ्यायला नकार दिल्याचा शेरा घेऊन टपाल परत आलं, की न्यायालय समन्स बजावलं गेलं असं जाहीर करतं. जनरल क्लॉजेस अॅक्ट १८९७चं कलम २७ आणखी व्यापक आहे. बरोबर पत्ता घालून, टपालखर्च भरून रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलेलं पत्र पोचलं असंच गृहीत धरलं जातं. ते पोचलं नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी मग पत्तेदारावर येते.

धनादेश न वटल्याच्या प्रकरणात हे किती महागात पडतं बघा. बँकेकडून धनादेश परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत समोरचा नोटीस पाठवतो, आणि नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरले तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टच्या कलम १३८ खालचा गुन्हाच होत नाही. या १५ दिवसांत माणूस सुटू शकतो. ती नोटीस तुमच्या कपाटावर पडून राहिली, किंवा 'नकार' असा शेरा घेऊन परत गेली, तर त्याला काही कळायच्या आत ते दिवस संपतात. २००७च्या सी. सी. अलवी हाजी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एक वाट मोकळी ठेवली. नोटीस मिळालीच नाही असं म्हणणाऱ्याला न्यायालयाचं समन्स मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरता येतात. पण ते समन्ससुद्धा बहुधा याच जुन्या पत्त्यावर, म्हणजे तुमच्याच दारात येणार.

'घर सोडून गेले' या शेऱ्याने त्या माणसाचा सगळा प्रश्न सुटतो असं नाही. पण पाठवणाऱ्याला कळतं की पत्ता शिळा आहे, नवा शोधायला हवा. आणि पुढे न्यायालयात 'मी तेव्हा तिथे राहतच नव्हतो' असं त्या माणसाला सांगायची वेळ आली तर टपालखात्याचाच शेरा त्याच्या बाजूने पुरावा म्हणून उभा राहतो. त्याचा तुमचा काही संबंध नसेल, कदाचित तो घर घाण करून गेला असेल आणि तुम्हाला त्याचा रागही असेल. तरी एवढं त्याच्यासाठी करावं, असं मला मनापासून वाटतं. यात आपला खर्च एका वाक्याचा आहे.

पोस्टमन काकांशी एकदा निवांत बोलून ठेवा. बीट बदलली की नवा माणूस येतो, म्हणून आपल्या भागात वाटप करणाऱ्या पोस्ट ऑफिसमध्ये पोस्टमास्तरांच्या नावाने एक साधा अर्जही द्या: 'या पत्त्यावर अमुक तारखेपासून फक्त खालील व्यक्ती राहतात.' त्याच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्या. दारावर आणि खालच्या पत्रपेटीवर आपल्या नावाची पाटी लावा. बरेच भाडेकरू अकरा महिन्यांसाठी पाटी कशाला म्हणून ती टाळतात, आणि मग पेटीवर आधीच्याचंच नाव राहतं. पोस्टमनने त्या पेटीत टपाल टाकलं तर त्याची काही चूक नाही.

सही कोण करतंय ते बघा

घरातल्या सगळ्यांना, विशेषतः दुपारी घरी असणाऱ्या आजी-आजोबांना, मुलांना आणि कामाला येणाऱ्या मावशींना एवढंच सांगून ठेवा: नाव वाचल्याशिवाय सही करायची नाही.

खरी गळती मात्र गेटवर होते. खासगी कुरिअरवाला वर येण्याचा त्रास घेत नाही, वॉचमनच्या वहीत पाकीट नोंदवून जातो, आणि वॉचमनची सही म्हणजे कुरिअरच्या ऑनलाइन नोंदीत 'पोचलं'. बँकेला वाटतं, माणूस त्याच पत्त्यावर आहे. मग पुढची नोटीस तिथेच, आणि वसुलीचा माणूसही तिथेच. म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी कळवा की या सदनिकेसाठी अमुक-अमुक नावांचंच टपाल स्वीकारावं. गेटवर मोबाइल अॅप वापरत असतील तर त्यातून जुन्या भाडेकरूचं नाव काढलं आहे का, हेही विचारा. ते बऱ्याचदा राहून गेलेलं असतं.

पाकीट घरात आलंच असेल तर

पेटीत पडलेलं, दाराखालून सरकवलेलं, कुणीतरी सही करून घेतलेलं. हरकत नाही, अजूनही परत करता येतं.

उघडू नका. पत्र ज्याचं, मजकूर त्याचा. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहे. कायद्याची कलमं बाजूला ठेवली तरी, दुसऱ्याच्या कर्जाचा आकडा किंवा दवाखान्याचा अहवाल आपण वाचू नये, एवढं आपल्या सगळ्यांना कळतं. शिवाय तुम्हाला हवी ती माहिती पाकिटाच्या बाहेरच असते. पाठवणाऱ्याचा पत्ता मागच्या बाजूला किंवा खाली बारीक अक्षरात, 'न पोचल्यास येथे परत पाठवा' या ओळीखाली असतो. बारकोडखाली १३ अक्षरांचा क्रमांक असतो, दोन इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारा आणि भारताच्या IN या दोन अक्षरांनी संपणारा. न्यायालयाच्या पाकिटावर अनेकदा खटल्याचा क्रमांक आणि न्यायालयाचं नाव हातानेच लिहिलेलं असतं.

पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा, तो फक्त स्वतःच्या नोंदीसाठी. सोसायटीच्या ग्रुपवर 'हे कोणाचं?' म्हणून टाकू नका. वसुलीची नोटीस चारशे लोकांनी बघितली की त्या माणसाची अब्रू जाते, आणि ती घालवल्याचं पाप आपल्या माथी येतं.

मग पाकिटावरचा पत्ता एका आडव्या रेघेने खोडा. नाव खोडू नका, बारकोडला हात लावू नका. मोकळ्या जागेत ठळक अक्षरात लिहा: 'पत्तेदार या पत्त्यावर राहत नाहीत. पाठवणाऱ्यास परत.' खाली तारीख घाला. बँकांची पाकिटं परराज्यातल्या केंद्रातून येतात, म्हणून तेच वाक्य इंग्रजीतही लिहिलेलं बरं. सही करायची तर करा, पण आपला फोन नंबर लिहू नका. पाकीट पोस्टमनच्या हातात किंवा पोस्टाच्या खिडकीवर द्या. कुरिअरने आलेलं पाकीट मात्र पोस्टात टाकून उपयोग नाही. त्या कुरिअर कंपनीच्या ग्राहक सेवेला क्रमांक सांगून परत न्यायला सांगा.

चुकून उघडलं गेलं असेल, आणि घाईत असं होतं, तर मजकूर न वाचता पुन्हा चिकटवा. 'चुकून उघडले गेले' असं लिहून तारीख आणि सही करा आणि परत द्या. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

सप्टेंबर २०२५ पासून टपाल खात्याने रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केलं आहे, त्यामुळे महत्त्वाची बहुतेक टपालं आता स्पीड पोस्टच्या क्रमांकानेच येतात. टपाल खात्याच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला की परतीचा प्रवास आणि नोंदवलेलं कारण बघता येतं. न्यायालयाचं किंवा वकिलाचं पाकीट असेल तर चार-सहा दिवसांनी एकदा बघाच, आणि त्या पानाचा फोटो ठेवा.

डेबिट कार्ड, चेकबुक, आधार किंवा पॅन कार्ड असावं असं पाकीट चाचपूनच कळतं. ते एक दिवसही घरात ठेवू नका. 'मी त्याचा मित्र आहे, त्याने घ्यायला सांगितलंय' म्हणून आलेल्या अनोळखी माणसाला तर मुळीच देऊ नका. पुढे त्या कार्डावर काही व्यवहार झाला तर पाकीट शेवटचं कुठे होतं, हा प्रश्न तुमच्यापाशी येऊन थांबेल.

त्या माणसाला कळवा

नंबर तुमच्याकडे नसला तरी घरमालकाकडे किंवा एजंटकडे असतो. तो मागण्यापेक्षा निरोप द्यायला सांगणं जास्त बरं, कारण आपला नंबर कुणाला द्यायचा हे त्या माणसाला ठरवू द्यावं. निरोप असा लिहा:

'नमस्कार. मी सध्या तुमच्या पूर्वीच्या घरात राहतो. १२ तारखेला तुमच्या नावाने न्यायालयाचं पाकीट आलं होतं. ते न उघडता 'घर सोडून गेले' अशा शेऱ्याने परत पाठवलं. पाकिटाच्या बाहेरच्या बाजूचा फोटो सोबत आहे. कृपया पत्ता बदलून घ्यावा.'

त्याला मदत करायची इच्छा असेल तर दोन-तीन गोष्टी आणखी सांगा. न्यायालयातला खटला ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोधता येतो, म्हणजे पाकीट हातात नसतानाही तारीख कळते. एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे त्याच्या गैरहजेरीतच निकाल, होऊन गेला असेल तरी, समन्स नीट बजावलं गेलं नव्हतं या कारणावरून तो रद्द करून घेण्यासाठी दिवाणी संहितेत आदेश ९, नियम १३ खाली अर्ज करता येतो, पण मुदत कमी असते, म्हणून वकिलाकडे लगेच जायला हवं. गाडी असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४९ नुसार पत्ता बदलल्याचं ३० दिवसांत आरटीओला कळवावं लागतं. ते केलं नसेल तर ई-चलनाच्या नोटिसा इथेच येत राहतील. आणि साधं टपाल नव्या पत्त्यावर वळवण्यासाठी तो स्वतः या भागातल्या पोस्टात अर्ज देऊ शकतो.

तो उत्तर देत नसेल तर पाठपुरावा करत बसू नका. तुमचं काम झालं.

पाठवणाऱ्याला लेखी कळवा

एकच पाकीट आलं तर परत पाठवणं पुरेसं आहे. त्याच ठिकाणाहून दुसरं आलं की पत्र लिहायचं. फोनवर बोलून काही होत नाही. कॉल सेंटरवरचा माणूस 'नोंद घेतली' म्हणतो आणि पुढच्या महिन्यात पाकीट पुन्हा येतं. ई-मेल करा. बँक आणि वित्त कंपन्यांच्या संकेतस्थळावर तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ई-मेल दिलेला असतो, तो वापरा. मजकूर:

'विषय: चुकीच्या पत्त्यावर येणारे टपाल थांबवण्याबाबत.

महोदय, आपल्याकडून श्री./श्रीमती (नाव) यांच्या नावे (पूर्ण पत्ता) या पत्त्यावर टपाल येत आहे. सदर व्यक्ती येथे राहत नाही. मी दिनांक ___ पासून नोंदणीकृत करारानुसार येथे राहत असून सदर व्यक्तीशी माझे नाते नाही, तसेच त्यांच्या कोणत्याही कर्जास किंवा व्यवहारास मी जामीन नाही. दिनांक ___ रोजी आलेले पत्र (क्रमांक ___) न उघडता परत पाठवले आहे. कृपया हा पत्ता आपल्या नोंदीतून काढावा, वसुली प्रतिनिधींना तशी सूचना द्यावी आणि तसे मला लेखी कळवावे.'

यातलं प्रत्येक वाक्य तुमच्या बाबतीत खरं असेल तरच ठेवा. दूरचं नातं असेल तर नात्याचं वाक्य काढा. सोबत जोडायचं ते फक्त कराराचं झाकलेलं पहिलं पान, तेही मागितलं तरच. आधारची प्रत, पॅन, स्वतःचं बँक खातं यातलं काही देऊ नका. 'पत्ता काढायला तुमची केवायसी लागेल' असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा. तुम्ही त्यांचे ग्राहक नाही.

न्यायालयाकडून दुसऱ्यांदा पाकीट आलं तर असंच पत्र खटल्याच्या क्रमांकासह त्या न्यायालयाच्या कार्यालयाला स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा. त्यासाठी वकील करायची गरज नाही.

टपालाऐवजी माणूस आला तर

न्यायालयाचा बेलिफ आला तर घाबरायचं कारण नाही. तो त्याचं काम करतोय. पत्तेदार सापडला नाही तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातल्या प्रौढ व्यक्तीकडे समन्स देता येतं. दिवाणी बाजूला आदेश ५, नियम १५ आणि फौजदारी बाजूला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ६६ हेच सांगतं. तुम्ही कुटुंबातले नाही, म्हणून समन्स घेऊ नका आणि त्याच्या प्रतीवर 'मिळाले' अशी सही करू नका. करार दाखवा, झाकलेली झेरॉक्स द्या आणि म्हणा, "साहेब, अहवालात लिहा की ते इथे राहत नाहीत, अमुक तारखेपासून आम्ही राहतो." तसं लिहिलेल्या निवेदनावर सही मागितली तर वाचून करा, ती करायला हरकत नाही. दारावर समन्स चिकटवण्याची तरतूद आहे, पण ती तो माणूस जिथे सर्वसाधारणपणे राहतो त्या घरासाठी. तरीही चिकटवलंच तर फाडू नका. तारखेसह फोटो काढा आणि न्यायालयाला वर सांगितलेलं पत्र पाठवा.

पोलीस आले तर खरं सांगा आणि ओळखपत्र दाखवा. आधीच्या माणसाचा नवा पत्ता माहीत असेल तर पोलिसांना आणि बेलिफला तो सांगायला संकोच नको. वसुलीच्या माणसाला मात्र तो सांगायचं तुमच्यावर काहीही बंधन नाही.

वसुली प्रतिनिधीकडे ओळखपत्र आणि बँकेने दिलेलं अधिकारपत्र असायला हवं. ते मागा, फोटो काढा. दारातच बोला, आत घेऊ नका. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत, कर्जदाराच्या घरच्यांना आणि मित्रांनासुद्धा त्रास द्यायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बँकांना बजावलं आहे. तुम्ही तर त्याचे कुणीच नाही. एकदा लेखी कळवूनही माणूस येत राहिला, तर तारीख-वेळ लिहून बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, आणि तिथे दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेकडे तक्रार करा. दमदाटी झाली तर त्याच दिवशी पोलीस ठाणं गाठा.

जप्तीचं वॉरंट घेऊन बेलिफ येणं फार क्वचित घडतं. पण घडलं तर सामान तुमचं आहे हे तिथल्या तिथे सांगा, टीव्ही-फ्रिजची बिलं दाखवा आणि पंचनाम्यात आपली हरकत नोंदवून घ्या. तरीही वस्तू जप्त झाली तर आदेश २१, नियम ५८ खाली तिच्यावर हक्क सांगता येतो. इथे मात्र वकील लगेच गाठायचा.

घराच्या पत्त्यावर धंदा नोंदवलेला असेल तर

पाकिटावर व्यक्तीऐवजी कंपनीचं किंवा फर्मचं नाव असेल तर ही गोष्ट जास्त गंभीरपणे घ्या. आधीच्या भाडेकरूने या घराचा पत्ता जीएसटी नोंदणीसाठी किंवा कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय म्हणून दिलेला असू शकतो. जीएसटी क्रमांक माहीत असेल तर जीएसटी पोर्टलवर करदात्याच्या शोधात व्यवसायाची मुख्य जागा दिसते. कंपनीचा नोंदणीकृत पत्ता कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नावाने सापडतो. व्यवसायाची जागा बदलल्यावर जीएसटी नोंदणीत १५ दिवसांत आणि कंपनीच्या नोंदीत ३० दिवसांत दुरुस्ती करणं त्या माणसाचं काम आहे. ते त्याने केलं नसेल तर घरमालकाने संबंधित जीएसटी कार्यालयाला किंवा कंपनी निबंधकांना लिहावं, कारण पत्ता वापरायची परवानगी मुळात मालकाच्या नावाने दिलेली असते, आणि ती दिलीच नव्हती असंही कधी कधी यातून निघतं. तुम्ही मालकाला लेखी कळवा, म्हणजे कळवल्याची तारीख राहील. या खात्यांचे अधिकारी पत्त्यावर प्रत्यक्ष तपासणीला येऊ शकतात, आणि तेव्हा ती तारीख कामाला येते.

मतदार यादीत आधीच्या कुटुंबाची नावं अजून याच पत्त्यावर दिसत असतील तर आपल्या भागातल्या बीएलओंना, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांना, सांगा. ते पडताळणी करतात. त्याच मतदारसंघाच्या यादीत नाव असलेला मतदार नमुना ७ भरून हरकतही घेऊ शकतो. मात्र खोटी माहिती दिली तर तो गुन्हा आहे, म्हणून ते लोक खरंच कायमचे गेले आहेत हे घरमालकाकडून पक्कं करूनच फॉर्म भरा. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी काही महिने बाहेर गेलेल्या माणसाचं मत आपल्या घाईमुळे जाता कामा नये.